तळून पाहिलेल्या तक्रारी

अक्कांच्या घरी मी चार वर्षं भाड्याने राहिलो आणि त्यांपैकी अडीच वर्षं त्यांच्या नाराज गिऱ्हाइकांना उत्तरं लिहिण्यात घालवली. हे काम मी मागितलं नव्हतं. धुळ्याच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर जळगावात येऊन स्वस्थपणे वाचत बसावं, एवढाच माझा बेत होता. परंतु पहिल्याच आठवड्यात अक्का भाडेपावती द्यायला म्हणून माझ्या खोलीत आल्या, पुस्तकांच्या कपाटासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, इतकं वाचलं, तर चार ओळी लिहायला काय हरकत शे?"

हरकत पुष्कळ होती. ती तोंडाने सांगण्याचा मात्र माझा स्वभाव नाही, आणि ही गोष्ट अक्कांनी माझ्याआधी ओळखली असावी.

अक्का बिबडे विकत. ज्वारी तीन दिवस भिजवायची, वाटायची, तिखट-मीठ, लसूण, जिरं आणि तीळ घालून तिचा घाटा शिजवायचा आणि तो गरम असतानाच गच्चीवर अंथरलेल्या जुन्या धोतरावर हाताने गोल गोल थापायचा. वाळल्यावर धोतर उलटं करून मागून पाणी शिंपडलं, की एकेक बिबडं सुटून हातात येतं. खानदेशात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. अडचण अशी झाली, की अक्कांच्या धुळ्याच्या भाचीने एका विक्रीच्या ॲपवर त्यांचं दुकान उघडून दिलं आणि बिबडे अशा घरांत जाऊ लागले, जिथे ते समजावून सांगावे लागतात.

"पापडावर कापडाचा ठसा आहे," असं पहिल्याच महिन्यात कोणी तरी कळवलं. छायाचित्रही जोडलं होतं. अक्कांनी ते दोन बोटांनी मोठं करून पाहिलं. "मंग? धोतरावर घातलं, तर धोतराचाच ठसा येईल. साडीवर घातलं असतं, तर साडीचा आला असता. यात तक्रार कुठे शे?"

मी नम्रपणे सुचवलं, की आपण दिलगिरी व्यक्त करून पद्धत समजावून सांगू.

"दिलगिरी कशाची? ठशाची?"

त्यांच्या घरी उत्तराची एक ठरलेली रीत होती. आलेली तक्रार मी सकाळी गच्चीवर मोठ्याने वाचून दाखवायची. घाट्याच्या पातेल्यापाशी मंदाताई बसलेल्या असत. त्या रोज असोद्याहून पहिल्या बसने येत, आणि बिबडे थापणारा खरा हात त्यांचाच होता. तक्रार वाचून झाली, की अक्का मंदाताईंकडे पाहत, मंदाताई मान खाली घालून थापत राहत आणि अक्का निकाल देत. तो निकाल मी आधी कागदावर उतरवायचा, वाचून दाखवायचा, त्यातले शब्द अक्का खोडायला लावणार, आणि उरलंसुरलं ते मग फोनवर टंकायचं. 'आपल्या गैरसोयीबद्दल' हे शब्द मी अडीच वर्षांत निदान शंभरदा लिहिले असतील. एकदाही ते जिन्याच्या खाली पोहोचले नाहीत. "त्याचं बिबडं फुटलं भाऊ, गैरसोय कुठून झाली? फुटलेल्यावर कच्चं तेल टाक, कांदा चिर, शेंगदाणे टाक आणि खा म्हणा. हे लिहा." मी ते लिहीत असे. संतापलेल्या माणसाने वाहतुकीत चुरा झालेल्या मालाचं छायाचित्र पाठवावं आणि उत्तरादाखल त्याला पाककृती मिळावी, यात मला स्वतःला जी शरम वाटे, ती अक्कांना कधी समजली नाही.

गिऱ्हाइकं ॲपवर जे तारे देतात, त्यांच्याशी अक्कांचं वैरच होतं. एक तारा देणाऱ्याचा त्यांना राग येत नसे. "त्याला आवडलं नही, त्यानं सांगून दिलं." पाच ताऱ्यांकडे त्या ढुंकूनही पाहत नसत. राग यायचा तो तीन ताऱ्यांचा. "तीन म्हणजे काय? पंगतीत बसला, अर्धं जेवला, उठला आणि काही बोललाच नही, असा माणूस तो. त्याला फोन लावा."

फोन हे त्यांचं मुख्य शस्त्र. पाकिटावर चिकटवायच्या कागदावर गिऱ्हाइकाचा क्रमांक असे, आणि तो वाहतूकवाल्यासाठी आहे, आपल्यासाठी नाही, हे मी त्यांना पटवू शकलो नाही. पुण्याच्या एका तरुण अभियंत्याने 'अजिबात फुलत नाहीत' असं लिहिलं, तेव्हा अक्कांनी त्याला चेहरा दिसेल असा फोन लावायला सांगितला. तो बिचारा गळ्यात कार्यालयाच्या ओळखपत्राची पट्टी घालून नुकताच घरी आलेला.

"कोण बोलतंय?"

"जिचे बिबडे फुलले नहीत, ती. तेल कितलं तापेल व्हतं?"

"काय?"

"तेल, तेल! किती तापवलं होतं? कढई दाखव."

थोडा वेळ गोंधळ झाला. मग त्याने कॅमेरा ओट्याकडे वळवला. तिथे कढई नव्हती. गरम हवेवर पदार्थ भाजणारं एक काळं यंत्र होतं. त्यात तेल लागत नाही, असं त्याने अभिमानाने सांगितलं. अक्कांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन ते यंत्र निरखलं.

"हवेत तळतोस?" त्या म्हणाल्या. "लेका, शेजारी कोणी बाईमाणूस शे का?"

"समोर एक काकू आहेत, पण आमची ओळख नाही."

"आता होईल. जा, कढई माग."

मी अक्षरशः तोंड लपवून बसलो. पण तो गेला. कढई आणली, अक्कांनी इकडून हुकूम सोडत तेल तापवून घेतलं, बिबडं सोडायला लावलं, आणि ते त्याच्या हाताएवढं फुललं. कढईच्या मालकीणबाईही मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनीही एक खाल्लं. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने तक्रार काढून टाकली आणि लिहिलं, की आईनेसुद्धा आपल्याला इतकं कधी झापलं नव्हतं. या यशाने माझं फार नुकसान झालं. त्यानंतर माझ्या कुठल्याही सभ्य सूचनेवर अक्कांचं एकच उत्तर असे: "कढई माग म्हणायचं धाडस तुमच्या पत्रात शे का?"

मात्र एक सांगायला हवं. तळून पाहिल्याशिवाय अक्का कोणालाही खोटं ठरवत नसत. ज्या खेपेची तक्रार, त्याच खेपेच्या डब्यातले बिबडे काढून मंदाताईंना तळायला लावत आणि घास तोंडात ठेवूनच भांडायला सुरुवात करत. हा नियम मला तेव्हा त्यांच्या इतर खोडींसारखाच एक वाटे.

त्या खोडींपैकी एकीने मात्र प्रकरण दुकानाच्या गळ्याशी आणलं. शेजारघरून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हे आमच्याकडे घरोघर पाळतात. दुसरं काही नसलं, तर चिमूटभर साखर घालतात. अक्कांनी हा रिवाज ॲपवरच्या दुकानालाही लावला. नागपूरच्या एका बाईंनी माल नापसंत म्हणून खोक्यासकट परत पाठवला. त्यांना खोकं आल्याचं कळवावं, इतकंच काम होतं. अक्कांनी त्याच खोक्यात किलोभर कळण्याचं पीठ भरलं आणि ते त्या बाईंना रवाना केलं.

"अक्का, त्यांनी हे मागितलेलं नाही."

"त्यांचं खोकं आपल्याकडे आलं ना? मंग रिकामं कसं ठेवायचं?"

"ते खोकं आपलंच होतं."

"एकदा त्यांच्या घरी गेलं, म्हणजे त्यांचं."

आठवड्याने त्या बाईंची दुसरी तक्रार आली: 'नको असलेला माल परत केला, तर या विक्रेत्याने करड्या रंगाचं अनोळखी पीठ पाठवलं आहे. याचं काय करू?' अक्कांचा निकाल असा: "ज्वारी-उडदाचं शे, भाकरी कर म्हणा." असं आणखी एकदोघांच्या बाबतीत घडलं. ॲपच्या लेखी हा 'चुकीचा माल पाठवणे' या नावाचा गुन्हा होता, आणि वैशाखाच्या अखेरीस त्यांची नोटीस आली. मालाच्या दर्जाबद्दल आणखी एक तक्रार नोंदली गेली, तर दुकान बंद होणार होतं.

नोटीस मी गच्चीवर वाचून दाखवली. अक्का पदराने घाम टिपत राहिल्या. थापणारा हात प्रथमच थांबला. मंदाताई अनेक वर्षं दुसऱ्यांच्या केळीच्या बागांत तण निंदायला जात असत. ओल्यात दिवसभर ओणवं राहून त्यांच्या पाठीचं मातेरं झालं होतं. दुकान चालायला लागल्यापासून ते निंदणं सुटलं होतं. शिवाय मागच्या खोलीत त्या उन्हाळ्याचे बत्तीस डबे भरलेले होते, आणि ते दमट हवा सुटायच्या आत जायला हवे होते.

"बंद करतीन का हो, भाऊ?" मंदाताईंनी विचारलं.

"मी आहे ना," मी म्हणालो. असं वाक्य मी आयुष्यात क्वचितच उच्चारलं असेल.

पुढल्याच आठवड्यात अक्का जामनेरला चुलतभावाच्या नातीच्या लग्नाला तीन दिवस गेल्या, मंदाताईंनाही सोबत घेऊन, आणि नेमकी तेव्हा तक्रार आली. ठाण्याच्या एका बाईंची. भाषा अतिशय साधी होती. सासूबाई मूळच्या इकडच्या. गाव सुटून तीस वर्षं झाली. त्यांच्यासाठी म्हणून बिबडे मागवले. परंतु ते कडवट लागतात आणि त्यांत हिरवट-काळे ठिपके दिसतात. दोन दिवसांत उत्तर देऊन मिटवा, नाही तर तक्रार नोंदली जाईल, असं ॲपने मला बजावलं.

अक्कांना फोन केला, तर मागे बँड वाजत होता आणि त्यांना काही ऐकू येत नव्हतं. खरं सांगायचं, तर मी दुसऱ्यांदा फोन केला नाही. खोडायला कोणी नाही, असा तो पहिलाच प्रसंग. मी टेबलाशी बसलो आणि माझ्या समजुतीप्रमाणे एक उत्तम पत्र लिहिलं. तापीकाठच्या काळ्या मातीत पिकणाऱ्या ज्वारीला मुळातच एक किंचित कडसर गंध असतो. ठिपके दिसतात ते जिऱ्या-तिळांचे. शहरी पिठाची सवय झालेल्या जिभेला ही जुनी चव प्रथम परकी वाटणं स्वाभाविक आहे. थोडा धीर धरावा, म्हणजे तीच चव ओळखीची वाटू लागेल. 'गैरसोय' हा शब्दही मी समाधानाने दोनदा वापरला. दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी तक्रार मागे घेतली, वर माझी क्षमा मागितली. मी स्वतःसाठी चहा केला आणि गच्चीवर जाऊन प्यालो.

अक्का परतल्यावर मी ते पत्र त्यांना वाचून दाखवलं. मंदाताईंनी हात जोडले. अक्कांनी मात्र प्रवासाची पिशवीही खाली ठेवली नाही.

"तळून पाहिलं का?"

"तक्रार मागे घेतली आहे, अक्का. प्रश्न मिटला."

"तळून पाहिलं का, भाऊ?"

नव्हतं पाहिलं. कढई चढली. त्या खेपेच्या डब्यातले चार बिबडे मंदाताईंनी तळले. ते सुरेख फुलले. अक्कांनी घास तोंडात ठेवला, चावला आणि थांबल्या. मग मी खाल्ला. कडू होते. जिऱ्या-तिळांचं ते कडूपण नव्हतं; गिळल्यानंतर घशात उरणारं होतं.

अक्का उठून कोठीत गेल्या आणि रिकामी गोणी घेऊन आल्या. ती त्यांनी ओट्यावर झटकली. तळाशी कडुनिंबाच्या पाल्याचा हिरवट भुगा होता. धान्याला कीड लागू नये, म्हणून गोणीत निंबाचा पाला घालतात. दळण्या-भिजवण्याआधी धान्य पाखडून तो काढून टाकतात. त्या खेपेची ज्वारी गोणीच्या तळाची होती आणि ती अक्कांनी स्वतः पाखडली होती. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत चालला होता. शस्त्रक्रिया त्या दर वर्षी 'उन्हाळा झाल्यावर' म्हणत.

"मी पाखडली," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातून राहिलं."

"त्या खेपेचे डबे बाजूला काढू," मी म्हणालो. "बाकीचा माल चांगला आहे. कोणाला काही कळायचं कारण नाही."

"त्या ठाण्याच्या बाईला कळलं व्हतं. तिला तुम्ही काय लिहिलं? परत वाचा."

मी वाचू लागलो. 'शहरी पिठाची सवय झालेल्या जिभेला...' इथपर्यंत आलो आणि अक्कांनी हात वर केला.

"मी आजवर एवढ्या लोकांशी भांडली. तेल कच्चं म्हटलं, कढई लहान म्हटली. पण तुझी जीभ खोटी, असं मी कोणाला म्हटलं? न चाखता?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला अधिक वाईट वाटलं. "फोन लावा. तक्रार परत टाक म्हणा तिला."

"अक्का, दुकान बंद होईल."

"फोन लावा."

"मंदाताईंचा विचार करा."

"तोच करी राहिनू. कडू बिबडं तिच्या हाताचं म्हणून त्या घरात राहील. लावा."

मंदाताई कढई उतरवून गच्चीवर निघून गेल्या. मी फोन लावला आणि अक्कांच्या हाती देऊ लागलो. त्यांनी तो घेतला नाही. "पत्र तुमचं शे. तुम्हीच बोला." अनोळखी माणसाशी फोनवर बोलणं मी शक्यतो टाळतो. पण पलीकडून आवाज आला होता.

मी कोण ते सांगितल्यावर त्या बाई उलट खूश झाल्या. "किती छान पत्र लिहिलंत हो! मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. चूक माझीच. माझं माहेर कोकणातलं, मला कुठली ही चव कळायला! सासूबाईंनाही आधी कडूच लागलं होतं. पत्र ऐकलं आणि म्हणाल्या, असेलही; तीस वर्षं झाली, आपलीच चव गेली असेल. आता रोज एक खातात, सवय व्हावी म्हणून."

अक्का माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"त्यांना खाऊ देऊ नका," मी म्हणालो. "बिबडे कडूच आहेत. ज्वारीत निंबाचा पाला राहिला होता."

"पण तुम्ही तर लिहिलं होतं..."

"मी चाखले नव्हते."

 त्यांनी फोन बाजूला धरून हाक मारली, "आई, ऐकलंत का? कडूच आहेत म्हणे!" आणि आतून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला, "मी पहिल्याच घासले सांगं व्हतं! माले काय कडू-गोड समजत नही का?"

ती बोली कानावर पडताच अक्कांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. "कोणतं गाव तुमचं?" मग त्या दोघी बोलत राहिल्या. गोणीत पाला किती घालावा यावर त्यांचं एकमत होईना. अक्कांनी त्यांच्याकडून वचन घेतलं, की सुनेने तक्रार जशीच्या तशी परत टाकावी. त्या 'कशाले, आते राहू द्या' म्हणत होत्या आणि अक्का ऐकत नव्हत्या. तासाभरात तक्रार परत आली, अक्कांनी मला ती कबूल करायला लावली आणि ती नोंदली गेली. संध्याकाळ व्हायच्या आत ॲपवर दुकानाच्या नावाखाली 'बंद' असा शब्द दिसू लागला.

"मंदीला सांगून या," अक्का म्हणाल्या. ठाण्याच्या म्हातारीचा फोन पुन्हा आला होता आणि तो त्यांच्या कानाला होता. "साधं सांगा. पत्रासारखं नको."

मी जिना चढलो. मंदाताई वाळलेली धोतरं घडी घालून एकावर एक ठेवत होत्या. "दुकान बंद झालं," मी म्हणालो.

"मले वाटलंच." त्यांनी हातातली घडी पूर्ण केली. "मंग उद्यापासून येत नही मी, भाऊ. निंदाले जाते. बागवाला कालच विचारत व्हता."

  "तुमची यात काही चूक नाही," मी कसंबसं म्हणालो.

"हाये ना." त्या धोतरांच्या चळतीवर हात फिरवत राहिल्या. "घाटा शिजला तव्हा मी चाखला व्हता. कडू लागला मले. म्हनलं, सांगावं. पन अक्कांसमोर कोन तक्रार करल? तेल तापवून दाखव म्हनतीन, कढई दाखव म्हनतीन. थापून टाकले."

मी खाली आलो. अक्का ओसरीत फोनवर हसत होत्या. मी शेजारी उभा राहिलो. मला पाहून त्या थांबल्या. मंदाताई जे बोलल्या, ते मी एक शब्द न बदलता त्यांना सांगितलं.

त्यांनी फोन बंद केला. "घाट्यालाच समजलं व्हतं तिला?"

"हो."

त्या कठड्याला धरून उठल्या आणि एकेका पायरीवर थांबत वर गेल्या. मला वाटलं, आता भांडण ऐकू येईल. ओसरीत उभा राहून मी कान देऊन ऐकू लागलो. "कसं कडू व्हतं? सांग," एवढं अक्कांचं ऐकू आलं. त्यानंतर बराच वेळ वरून फक्त मंदाताईंचाच आवाज येत होता.